टॅबमधलं रान

शालू गेल्याचं शेषरावांना कळलं ते अकोल्याच्या जीपमध्ये. मांडीवर पिशवी होती. पिशवीत दोन पातळं, थर्मास आणि तिचा टॅब.

सकाळी दवाखान्यात तीच म्हणाली होती, "नीलमचे बाबा, दर्यापूरले चाललेच तं माझा टॅब आणजा. त्या चित्रातलं थोडंसं रायलं."

"इथं चित्र काढतं काय आता?"

"मंग काय छताकडे पाहत पडू?"

जीप पूर्णेच्या पुलावर आली आणि नीलमचा फोन आला. "बाबा, कुठसा आले?" एवढंच ती बोलली आणि पुढे तिला बोलता येईना. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं काका?" शेषराव म्हणाले, "टॅब घेऊन चाललो." तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला.

शालू अंगणवाडीत सेविका होती. निवृत्त झाल्यावर लेकीनं, नीलमनं, अमरावतीहून तिला तो टॅब आणून दिला. वर्षभरात ती त्यावर बोटानं चित्रं काढायला लागली. शेषराव जिनिंगमध्ये फिटर होते. जन्मभर पाना-हातोडा चालवून बोटं अशी घट्ट झालेली की टॅबला ती बोटं लागायचीच नाहीत. कितीही दाबा, काच ढिम्म. शालू हसायची. "तुमाले तो माणसातच धरत नाई," म्हणायची.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. शेषरावांनी तिचा फोटो भिंतीलगतच्या टेबलावर ठेवला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली. शेजारी टॅब उभा केला, चार्जरला लावून, ते चित्र उघडं ठेवून. जाताना नीलमनं स्क्रीन बंद होणार नाही असं करून दिलं होतं.

चित्रात रान होतं. काळी जमीन, तासावर ओळीनं उगवलेली कपाशी, डाव्या अंगाला बाभूळ, आणि पार उत्तरेला मेळघाटाची निळी रेघ. पाऊस उघडला की गावाबाहेरून दिसते तशी. शेषरावांना ते पूर्ण वाटायचं. थोडंसं काय राहिलं होतं, ते रोज शोधायचे आणि सापडायचं नाही.

मग एक दिवस मेळघाट तुटला. निळी रेघ मधेच पांढरी झाली होती. दोन दिवसांनी कपाशीचे दोन तास गेले. मग आभाळाचा एक पट्टा.

शेषरावांना काही उमजेना. उन्हानं रंग उडतो म्हणून टेबल खिडकीपासून सरकवलं. चार्जर तापतो म्हणून तो रात्री काढून ठेवला, तर सकाळी टॅब बंद पडलेला. शेजारच्या इंदूबाईच्या नातवानं तो चालू करून दिला. चित्र होतं, पण तुटलं होतं तेवढं तुटलेलंच.

"इंदूबाई, हे चित्र आपोआप चाल्लं हो."

इंदूबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "माझी टीव्ही बी अशीच झाल्ती, भाऊ. पांढरी पांढरी. मंग गेलीच."

"टीव्ही येगळी."

"मंग मले कायले विचारता?"

इंदूबाई गेल्यावर शेषरावांनी खुर्ची टॅबसमोर ओढली. माणूस गेलं की त्याच्या हातचंही जात असेल का, असं त्यांच्या मनात आलं. असं काही ते मानत नव्हते. पण चित्र तर चाललं होतं.

रविवारी नीलम आली. बाभळीचं खोड त्याच सकाळी गेलं होतं, नुसता शेंडा अधांतरी राहिला होता. तिनं टॅब हातात घेतला, इकडेतिकडे दाबलं, आणि विचारलं, "बाबा, तुमी याले काय करता?"

"कायी नाई. मायं बोट लागते कुठं त्याले?"

"रोज काय करता, ते सांगा."

"सकाळी वंदनेच्या आधी फोटो पुसतो. ओल्या फडक्यानं. बुद्धांचा, बाबासाहेबांचा, तुह्या मायचा. मंग यालेबी पुसतो."

नीलम खाली बसली. "बाबा, खोडरबर चालू आहे याच्यात. ओलं फडकं लागते काचेले. तुमीच पुसून रायले चित्र."

फडकं खिडकीच्या गजावर वाळत होतं. ते शेषरावांनी उचललं, घडी केली, परत तिथंच ठेवलं.

नीलमनं दोन बोटांनी काच टिचकावून शेवटचं पुसणं मागे घेतलं तसं खोड परत आलं. शेषराव पुढे सरकले. "अजून मार."

"आता नाई येत. मधात टॅब बंद पडला ना, त्याच्या आधीचं गेलं."

"आजचं येते अन परवाचं काहून येत नाई?"

"तसंच असते त्याचं, बाबा."

मग तिला काहीतरी सापडलं. चित्र कसकसं काढलं, त्याची फिल्म टॅब आपोआप ठेवत होता. तिनं ती लावली. आधी पांढरं. मग निळी रेघ. आभाळ पिवळं झालं, राखी झालं, परत पिवळं. बाभूळ उजवीकडे उगवली, गेली, डावीकडे उगवली. हात कुठं दिसत नव्हता. बांधावर दोन बारीक ठिपके आले. मग त्यातला एक गेला. आणि लगेच मेळघाटावर पांढरा फराटा ओढला गेला.

"थांबव," शेषराव म्हणाले. "हे मी का तुही माय?"

नीलमनं मागे नेऊन पाहिलं. "ठिपका मायनं खोडला. फराटा तुमचा, फडक्याचा." त्या दोघांच्या मधल्या जागेवर तिनं फिल्म थांबवली आणि तेवढ्या चित्राचा फोटो घेतला. "घ्या. सापडलं पूर्ण चित्र. छापून आणतो मी, फ्रेम करून लावू."

"पूर्ण नाई ते. थोडंसं रायलं म्हणे ती."

"मले तं पूर्ण दिसते."

"दोन ठिपके कायचे होते?"

"शेळ्या असतील."

"एक शेळी कोणी खोडते काय?"

नीलम हसली, मग डोळे पुसत चहा ठेवायला आत गेली. जाताना तिनं खोडरबर काढून ब्रश लावून दिला.

शेषराव टॅबसमोर बसले. शालूच्या हातात शेवटी खोडरबर होता. म्हणजे तिचं काही रंगवायचं राहिलं होतं, की तो दुसरा ठिपकाही खोडायचा होता? बांधावर उरलेला तो एक कोण होता? तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनी त्या छताच्या बोलण्यात विचारलं नव्हतं.

त्यांनी बोट शेजारच्या पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि बांधाजवळ नेलं. काचेवर टेकवलं नाही. पाण्याचा थेंब ओघळून मनगटापर्यंत आला.

"बाबा, चहा," आतून नीलम म्हणाली.

त्यांनी बोट धोतराला पुसलं. नीलमनं छापून आणलेली फ्रेम आता भिंतीवर लागली आहे, फोटो रोज पुसले जातात, टॅब पुसला जात नाही. त्या चित्रातलं थोडंसं अजून राहिलेलंच आहे.