खुर्चीच्या पाया पडणाऱ्या गाड्या

सरावाच्या मैदानावर जवान, स्वयंपाकी आणि खुद्द साहेबसुद्धा हात जोडून उभे होते. मधोमध रुमालबाबा डोळे मिटून उभा होता आणि लष्कराच्या तीन बिनचालकाच्या गाड्या त्याच्याभोवती फिरत होत्या. प्रत्येकीने एक फेरी घातली, दांड्यावरचा कॅमेरा वाकवून त्याच्या पायांशी नेला आणि ती सावकाश मागे सरकली.

"लोखंडाला कळतं रे बाळांनो, माणसालाच कळत नाही," बाबा म्हणाला. "माझा रुमाल ज्याच्या गळ्यात, त्याला कुठलंही चाक शिवणार नाही. पुढचं, मागचं, स्टेपनीचंसुद्धा."

फिटरताईने कपाळाला हात लावला. त्या गाड्यांचे नटबोल्ट तीच आवळायची. बाबाची बडबड तिने हसून सोडून दिली असती, पण तिचा धाकटा भाऊ याच तुकडीत होता. गळ्यात रुमाल बांधून आता तो आत्याबाईसमोर उभा राहणार होता. आत्याबाई म्हणजे चौथी गाडी. दारूगोळा वाहणारी, अंगाने दांडगी.

"अरे, तिला डोळे नाहीत," ताई म्हणाली. "तिचा कॅमेरा अजून बसवायचाय. या तिघी कळवतील तेवढंच तिला कळतं, आणि आज त्यांचा तिच्याशी संपर्कच जोडलेला नाही."

"तुझी श्रद्धा कमी पडते, ताई."

"विजेच्या बोर्डात बोट घालतानाही तू असाच बोलायचास."

तो काही ऐकेना. तिने साहेबांकडे पाच मिनिटं मागून घेतली, साहेबांनी बाबासाठी आणवलेली खुर्ची उचलली आणि मैदानाच्या मध्यावर ठेवली. पुढच्या दोन पायांशी स्वतःचे जुने बूट मांडले.

पहिल्या गाडीने खुर्ची पाहिली. लगोलग बाकीच्या दोघी धावत आल्या. तिघींनी एकेक फेरी घातली, बुटांपुढे कॅमेरे वाकवले आणि आदबीने मागे सरकल्या. स्वयंपाक्याने सवयीने खुर्चीलाही हात जोडले.

"वाटेत अनोळखी काही दिसलं की एक गाडी दुसऱ्या दोघींना कळवते," ताई सांगू लागली. "तिघी चहूबाजूंनी फोटो काढतात. समोर माणूस आहे की खांब, हे ठरवायला शेवटी पाय बघतात. शंका राहिली, तरी माणूसच समजून मागे फिरतात. ही तपासणी आहे, भक्ती नाही."

"मग हे बाबांना कसं कळलं?" साहेबांनी विचारलं.

ताईने गाड्यांचं जुनं चित्रीकरण मैदानावरच्या पडद्यावर लावलं. महिन्याभरापूर्वी कुंपण रंगवायला आलेला, गळ्यात हाच रुमाल असलेला एक माणूस पाण्याचा डबा घेऊन झुडपामागे बसला होता. तिन्ही गाड्या त्याच्याभोवती फिरत होत्या आणि तो हात जोडून विनवत होता, "बायांनो, पाया पडतो, निदान उठू तरी द्या."

मैदान हसून लोटपोट झालं. बाबा मात्र सावरला. "तीही माझीच लीला."

"मग आत्याबाईसमोर उभे राहा. हवं तर रुमाल दोन बांधा."

"आज माझं मौन आहे," बाबा म्हणाला.

ताईने भावाच्या गळ्यातला रुमाल ओढून काढला, एका रिकाम्या पिंपाला बांधला आणि आत्याबाई सुरू केली. आत्याबाईने वेग कमी केला नाही. पिंप रुमालासकट सपाट झालं. तोवर बाबा स्वतःच रंगवलेल्या कुंपणावरून पलीकडे गेला होता. चपला अलीकडेच राहिल्या.

भावाने त्या सपाट पत्र्याखालून रुमालाची चिंधी ओढून काढली.

"ताई, घरी सांगू नकोस."

तिने आधी त्याचा कान पिळला आणि मग स्वतःचे डोळे पुसले. खुर्ची साहेबांनी परत नेली. स्वयंपाकी अजून तिच्यावर बसत नाही.

तुम्हालाही असा कुणी भेटला, तर एवढंच म्हणा, की हाच चमत्कार आधी खुर्चीसाठी करून दाखव. खुर्चीलाही तो जमला, तर हात जोडू नका, ते कसं घडतं ते विचारा. सांगणारी फिटर बहुतेक वेळा जवळच उभी असते. या भावाच्या तर ती घरातच होती.