भिंतीलगतचा जुना फोन

"लॉक उघडून देणं सोपं आहे गं. कुणामुळे पडतंय ते शोधत जा, नाहीतर एक दिवस एखाद्या मुलीच्या परीक्षेवर बेतेल."

निवृत्त होताना शोभाताई ऋचाला असं बजावून गेल्या होत्या. पनवेलच्या त्या नर्सिंग कॉलेजात वाय-फायच्या तक्रारींचं काउंटर तेव्हापासून ऋचाकडे आलं. तिने ते बोलणं कानाआड केलं. खातं उघडायचं, पुढच्या मुलीला बोलवायचं, आणि अधूनमधून स्वतःच्या फोनवर पाळणाघराच्या कॅमेऱ्यात आपली लेक रेवा रडत तर नाही ना, ते पाहायचं.

आज काउंटरवर पुन्हा दिपिका उभी होती.

"मॅडम, परत आत घेत नाहीये."

"पासवर्ड नीट टाकलास?"

"तुमच्यासमोरच टाकते ना. तुम्ही सगळ्यांना बदलायला लावलात तेव्हापासून रोज हेच. आज मोबाईलवर पेपर आहे. मध्येच लॉक झालं तर गेला, दुसरी संधी नाही म्हणाले सर."

ऋचाने खातं उघडून दिलं. दिपिका जिन्यापर्यंत जाऊन परत आली. पुन्हा बंद.

आता मात्र ऋचाने खुर्ची पुढे ओढली. शोधल्याशिवाय उठायचं नाही. नोंदी चाळल्यावर दिसलं की दिपिकाच्या नावाने दुसराच एक फोन जुना पासवर्ड पाठवत होता. तो सारखा चुकला की खातं आपोआप बंद. आणि फोन होता पुढच्या फाटकाच्या भिंतीपाशी.

"तुझा जुना फोन कुठे आहे?"

"आईकडे. पण ती कशाला इथे येईल? ती बाजारात भाजी विकते. त्यात सिमपण नाही. बोलायला तिचा बटणांचा आहे."

"तू अभ्यास करत बस. आलेच मी."

भिंतीच्या सावलीत शेवग्याच्या शेंगांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. हनुवटी थेट दिपिकाची. मांडीवरच्या फोनवर तिचा अंगठा एकाच जागी दाबत होता.

"मावशी, हा दिपिकाचा फोन ना?"

"मी काय नाय केला, बाय. वॉचमनला इचारा."

"रागवायला नाही आले."

दिपिकाच्या आईने, भामाने, पदराने काच पुसली. "बाजारात ह्यो पकडत नाय. एकदा हितून जाताना टिंग वाजला. बगते तर माजी पोर, पांडऱ्या कपड्यात. कायकाय फोटू टाकते ना ती. मंग टोपली हितंच आनली. आता कवापासून दिसत नाय, म्हनून दाबत बसते."

"तिला सांगितलंत?"

"नको. पोरी हसतील तिला. तुमी पन सांगू नका."

ऋचाचा हात नकळत स्वतःच्या फोनवर गेला. सकाळपासून रेवाला कितीदा पाहिलं होतं तिने? तरी बोलायला हवंच होतं.

"मावशी, तुम्ही दाबलंत की तिचं खातं बंद पडतं. आज तिचा पेपर आहे."

भामाचा अंगठा चटका बसल्यासारखा उचलला गेला. तिने फोन पुढे केला. "घ्या. काय काडायचं ते काडून टाका."

ऋचाने फोनमध्ये साठवलेलं कॉलेजचं नेटवर्क पुसलं.

"आता नाय दिसनार?"

"यातून नाही, मावशी."

भामाने फोन रुमालात गुंडाळून शेंगांच्या खाली ठेवला. "पेपर जाऊदे तिचा बरा."

ऋचा काउंटरवर परतली, दिपिकाचं खातं पुन्हा उघडलं आणि पडद्यावरून नजर न हलवता बसून राहिली. चुकीचा पासवर्ड पुन्हा आला नाही.

"काय झालं होतं मॅडम?" दिपिकाने विचारलं.

"पेपर दे आधी. सुटलीस की मागच्या नाही, पुढच्या फाटकाने बाहेर जा. भिंतीपाशी शेंगा मिळतात, माझ्यासाठी जुडी आण."

पेपर सुटल्यावर ऋचा खिडकीशी जाऊन उभी राहिली. पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी भिंतीपाशी थबकली. मग कपडे मळतील याचा विचार न करता टोपलीशेजारी जमिनीवर बसली.

शेंगा काही त्या दिवशी आल्या नाहीत.

तुमचंही खातं उगाच लॉक होत असेल, तर जुना फोन कुणाला दिला होता ते आठवा. आणि जमलं तर आजच त्या माणसाकडे जाऊन या.