सुयांनंतरचा आराम

घनश्यामरावांना सत्तरीत चहा करायला शिकावं लागलं आणि त्यात त्यांना काडीचाही आनंद झाला नाही. कापसाची वेचणी ऐन भरात होती. मुलगा कपिल आणि सून अर्पिता उजाडायच्या आत शेतात निघून जायचे, वेचणाऱ्या बायांच्या मागे दिवसभर फिरायचे आणि दिवेलागणीला घरी येऊन आडवे व्हायचे. घरी उरायचे घनश्यामराव, त्यांची दुखरी कंबर आणि त्यांच्या बायकोचा, तानाबाईंचा, नवा गुडघा. कंबर जुनी होती, तिची सवय झाली होती. गुडघ्याने मात्र घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं होतं.

ऑपरेशन यवतमाळला झालं. चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. फोटोतही लोखंड छान चकचकीत दिसत होतं. पण भूल उतरल्यावर तानाबाई भलतंच बोलायला लागल्या. मेलेल्या आईला हाका मारायच्या, माहेरच्या गायीची धार काढायची राहिली म्हणून उठू पाहायच्या. आणि घनश्यामराव जवळ गेले की चादर गळ्यापर्यंत ओढून नर्सला म्हणायच्या, हा कोण माणूस इथं येऊन बसला, याला बाहेर काढा. नर्स बिचारी त्यांना बाहेर काढायची. कपिल संध्याकाळी यायचा, त्याला तानाबाई बरोबर ओळखायच्या, त्यामुळे त्याला काही कळलंच नाही. दोन दिवसांनी सगळं उतरलं. या वयात होतं असं, डॉक्टर म्हणाले. तानाबाईंना त्यातलं काहीही आठवत नव्हतं आणि घनश्यामरावांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याला विसरली, हे काय ओट्यावर बसून सांगायची गोष्ट आहे? पण ते घाबरले होते. पुन्हा भूल दिली आणि ही परत आलीच नाही तर, या विचाराने त्यांना जेवण जाईना.

त्यात पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"खुर्चीवर बसल्यावर पाय सरळ खाली सुटला पाहिजे. पुढच्या वेळेपर्यंत एवढा वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन आम्हालाच वाकवावा लागेल."

पुन्हा भूल. घनश्यामरावांनी तेवढंच ऐकलं.

घरी आल्यावर त्यांनी व्यायाम मनावर घेतला. तानाबाईंना खाटेच्या कडेला बसवायचं आणि पाय हळूहळू मागे रेटायचा, असं डॉक्टरांनी दाखवलं होतं. रेटला की तानाबाई किंचाळायच्या, "मेली व माय, मेली मी!" आणि घनश्यामरावांचे हात आपोआप सुटायचे. मग दोघंही दमून बसायचे, ती दुखण्याने आणि हे तिच्या ओरडण्याने. उद्या करू, असं म्हणायचे. उद्याही तेच व्हायचं.

सुयांचं नाव काढलं ऑटोवाल्या धरमसिंगने. त्याच्या मावशीचा खांदा दिग्रसच्या गौरी डॉक्टरीणबाईंनी सुया टोचून मोकळा केला होता म्हणे. बुडत्याला काहीही चालतं. यवतमाळच्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं. ते म्हणाले, गुडघ्यापासून लांब टोचत असतील तर हरकत नाही.

गौरी डॉक्टरीणबाईंनी केसासारख्या बारीक सुया काढल्या आणि एक हाताला, एक कानाला, दोन-चार ऑपरेशन न झालेल्या दुसऱ्या पायाला टोचल्या. घनश्यामरावांना राहवेना.

"दुखते टोंगळा अन् सुई कानात? हे काय होय जी?"

"काका, नव्या सांध्याजवळ टोचायचं नसतं, जंतू जायची भीती असते. दुखणं लांबूनही मागं सारता येतं. आणि घरी गेल्यावर ते कमी असेल, तेव्हाच व्यायाम घ्या बरं का."

घनश्यामरावांनी मान हलवली. व्यायामाचं त्यांनी ऐकलंच नव्हतं, कारण तेवढ्यात तानाबाईंच्या चेहऱ्यावरची ताणलेली रेघ सैल झाली होती. ऑपरेशनपासून पहिल्यांदाच. घनश्यामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं.

परतताना तानाबाई ऑटोतच झोपल्या. घरी आणून घनश्यामरावांनी त्यांना खाटेवर निजवलं, गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली, दार लोटलं आणि स्वतः शेजारी खुर्चीत डोळे मिटले. दुपारभर घरात कुणी किंचाळलं नाही. असं सुख त्यांना किती दिवसांनी मिळत होतं! मग ते तसंच ठरून गेलं. आठवड्यातून दोनदा दिग्रस, सुया, ऑटो, उशी आणि झोप. एरवीच्या दिवशी व्यायाम व्हायचा नाही, कारण दुखायचं. सुयांच्या दिवशी व्हायचा नाही, कारण आराम द्यायचा असायचा. पाहायला आलेल्या प्रत्येकाला घनश्यामराव मोठ्या समाधानाने सांगायचे, "आता आराम पडून राह्यला."

पुढची तपासणी जवळ आली तेव्हा गौरीबाईंनी गुडघ्याला दोन पट्ट्यांचं मोजमाप लावलं. एकदा लावलं, पुन्हा लावलं.

"काका, हा तर आधीपेक्षा कमी वाकतोय. घरी गेल्यावर काय करता?"

"आराम देतो जी. पुरा आराम. हालू देत नाई. टोंगळ्याखाली उशी देतो."

"उशी?" गौरीबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि व्यायाम?"

"बाप्पा!" घनश्यामरावांना बाईंच्या अडाणीपणाचं नवल वाटलं. "डाग देल्यावर बैल जुपतेत काय कोनी?"

गौरीबाईंचं घर नोकरदारांचं, चार पिढ्यांत कुणी बैल बाळगला नव्हता. त्यांना डाग म्हणजे काय ते कळेना. मग घनश्यामरावांनी समजावून सांगितलं. बैल लंगडायला लागला की तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा, आणि मग त्याला झाडाखाली बांधून चारा-पाणी तोंडापाशी न्यायचं. जू म्हणून खांद्यावर ठेवायचं नाही. घाईने जुपला की बैल वाया गेला. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं, त्यांनीही तसंच केलं होतं. तानाबाई पडल्यापडल्या म्हणाल्या, "खरंच हाय. आमच्या घरी बी असंच करत."

गौरीबाईंना हसू आलं, पण ते लगेच गेलं.

"काका, मी डाग देत नाहीये. सुयांनी गुडघा बरा होत नाही. दुखणं दोन-चार तास मागं सरतं, एवढंच. तेवढ्या वेळात तो वाकवायचा असतो. तो सगळा वेळ तुम्ही उशीवर घालवलात, आणि त्या उशीनं पाय आता धड सरळही होत नाही. असंच राहिलं तर यवतमाळला पुन्हा भूल दिल्याशिवाय राहणार नाहीत."

ज्याच्या भीतीने घनश्यामरावांना अन्न गोड लागत नव्हतं, तिकडेच ते तानाबाईंना नेत होते, दर खेपेला, ऑटोत हाताला धरून. त्यांना स्वतःचाच राग आला. आणि रागापेक्षा जास्त थकवा आला. आता त्या किंचाळ्या पुन्हा ऐकायच्या होत्या, आणि यावेळी हात सोडायची सोय नव्हती.

घरी पोचल्यावर त्यांनी उशी उचलून कपाटावर फेकली. तानाबाईंना खाटेच्या कडेला बसवलं.

"अवं, झोपू नोको. आता वाकवाचं हाय."

"मले झोप येऊन राह्यली."

"येऊ दे."

सुयांमुळे सुरुवातीला बरं गेलं. मग पाय अडला आणि घनश्यामरावांनी रेटला. तानाबाईंनी त्यांचा खांदा नखांनी धरला. "आग लागो तुमच्या हाताले! सोडा! कसाई हाय का मानूस?" ते सोडेनात. दाराशी शेजारची नंदाबाई धावत आली.

"भाऊजी, मारून काहून राह्यले तिले?"

"मारून नाई राह्यलो, वाकवून राह्यलो," घनश्यामराव घामाघूम होऊन म्हणाले. "आली तं चाय ठेव."

रोज असंच चाललं. सुयांच्या दिवशी जास्त, एरवी थोडं. व्यायाम झाला की तानाबाई भिंतीकडे तोंड करून रडायच्या, आणि घनश्यामराव ओट्यावर जाऊन बसायचे. कधी कधी वाटायचं, जाऊ दे, जेवढा वाकला तेवढा बस झाला. तरी दुसऱ्या दिवशी ते उठायचे. यात शौर्य काही नव्हतं, दुसरा रस्ता नव्हता.

तपासणीला यवतमाळच्या डॉक्टरांनी तानाबाईंना खुर्चीवर बसवलं. पाय खाली सुटला, अगदी सरळ नाही, पण डॉक्टरांना पुरेसा.

"छान. भूल द्यायची गरज नाही."

घनश्यामरावांनी भिंतीला पाठ टेकली. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, पण अंगात आनंद करायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांना फक्त घरी जाऊन झोपायचं होतं. तोवर डॉक्टर दुसऱ्या पायाकडे वळले. "आणि हा? हाही गेलाच आहे. याचं कधी करायचं?"

"करून टाका," तानाबाई म्हणाल्या.

घनश्यामराव चमकले. "अवं, काय बोलून राह्यली तू?"

"मंग काय लंगडतच राहू? मले काय तरास? भूल देल्यावर मी तं झोपून राहते. तरास तं तुम्हाले झाला."

"तुले मालूम नाई." घनश्यामरावांचा आवाज एकदम चढला. डॉक्टरांसमोर बोलायचं नव्हतं, पण आता थांबवेना. "तुले काईच मालूम नाई. भूल उतरल्यावर तुनं मले वळखलं नोतं. दोन दिवस. कपिलले वळखलं, मले नाई. ह्याले बाहीर काढा म्हने."

तानाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"हे तुम्ही एकट्यानंच ठेवलं पोटात?"

घनश्यामरावांनी मान हलवली.

"तवा मले पानी कोनं पाजलं?"

"नर्सच्या हातचं तू पेत नोती. मंग तिनं मलेच आत बलावलं."

"तुमच्या हातचं पेली?"

"पेली. तोंड फिरवून पेली."

"परक्या मानसाच्या हातचं मी जल्मात पानी पेली नाई," तानाबाई म्हणाल्या.

घनश्यामरावांनी दुपट्टा डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला. मग डॉक्टरांकडे वळले.

"कापूस घरी येऊ द्या साहेब, मंग येतो. पन ह्या वक्ती नर्सबाईले सांगून ठेवा. ही काईबी म्हनो, मले बाहीर काढाचं नाई."