पलीकडची ओळ

दिवाळी सरली आणि सुलतानपुरात मालिकेची माणसं आली. त्यांना कापसाचं उभं शेत हवं होतं. गोपालचं शेत सडकेला लागून होतं, म्हणून त्यांनी तेच भाड्याने घेतलं आणि बांधावर जनरेटर आणून ठेवला.

गुलनारला त्यांनी आधी शिवणकामासाठी बोलावलं होतं. गावात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. लग्न वर्षभरात मोडलं होतं. वडील, मेहबूबमिया, गेल्यापासून ती एकटीच राहायची. मालिकेची दिग्दर्शिका केतकी हिने तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, शिवण राहू दे. आमच्या नटीला तुमच्यासारखं बोलायला शिकवा."

नटी पुण्याची होती, ईशानी तिचं नाव. मालिकेत ती सुमन नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोचं काम करत होती. बांधावरच्या लिंबाखाली बसून केतकीने गुलनारला गोष्ट समजावून सांगितली. सुमनचं नवऱ्यावर प्रेम आहे. पुढे गावात रेवा नावाची नर्स येते आणि सुमनचा जीव तिच्यावरही जडतो.

"म्हंजे मैत्रिणी?" गुलनारने विचारलं.

"मैत्रिणीपेक्षा जास्त, ताई. नवराबायकोसारखं. असं नातं गुन्हा नाही, असा परवा कोर्टाचा निकाल लागला ना, तेव्हापासून चॅनेललाही जरा धीर आलाय. आणि सुमनला एकाला सोडून दुसरं निवडायचं नाहीये. तिला दोघंही हवेत. तुम्हाला विचित्र वाटत असेल हे."

गुलनार पदराच्या काठाचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "नाई. विचित्र काऊन वाटन?"

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत या शेताची मालकीण, गोपालची बायको प्रतीक्षा, दुपारचं काम आटपलं की गुलनारच्या दुकानात येऊन बसायची. दोघींची घरं एकाच गल्लीत. दार पुढे लोटलेलं असायचं आणि आत मशीन चालू. त्या आवाजाआड दोन बाया काय करतात, काय बोलतात, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. बाया एकमेकींकडे जातातच. अशी कितीतरी वर्षं गेली. गोपालवरही प्रतीक्षाचा जीव होता. त्याला ताप आला की ती दुकानाकडे फिरकायची नाही, आणि फिरकली की त्याचंच बोलत बसायची. एकदा गुलनारने चिडून विचारलं होतं, "मंग मी कोण लागते तुही?"

"तूबी माहीच," प्रतीक्षा म्हणाली होती. "मले दोघंबी पाहिजेत. यात खोटं काय हाय, गुले?"

गुले हे नाव फक्त तिचं होतं. दुसरं कुणी गुलनारला तसं हाक मारत नसे.

त्या साली कापसावर गुलाबी अळी पडली. बीटी बियाणं पेरलं की फवारणी वाचते, असं सगळ्यांना सांगितलं होतं. पण त्या वर्षी बोंड फोडलं की आत अळी, आणि लोक मिळेल ते औषध मिळेल त्या औषधात मिसळून फवारत होते. गोपालचा पाय मोडला होता. कापसाची झाडं, पऱ्हाटी, डोक्याच्या वर गेलेली, वारा बंद. प्रतीक्षाने नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घातला, तोंडाला ओढणी बांधली आणि पंप पाठीवर घेतला. पंप गळत होता. दिवस मावळताना ती बांधावर पडलेली सापडली. दवाखान्यातून तिला आणली ती झाकूनच. गुलनार धावत गेली तर दोन बायांनी तिला फाटकाशीच धरलं. "घरच्या लोकाईले पाहू दे," असं म्हणाल्या. शेवटचं तोंड तिला दिसलं नाही. शेजारणीने रडावं तेवढं ती रडली आणि घरी येऊन मशीनवर बसली.

आता त्याच शेतात तिला ईशानीला बोलायला शिकवायचं होतं.

पोरगी गुणी होती, पण जीभ वळत नव्हती. "मले"च्या जागी पुन्हा पुन्हा "मला" यायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती रडकुंडीला आली. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मात्र ती सहज म्हणाली, "आज ऊन लय लागून राह्यलं, नाई?"

गुलनारने चमकून पाहिलं. नुसते शब्द नव्हते ते. वाक्याच्या शेवटी आवाज किंचित वर नेऊन सोडून द्यायची ती लकब गुलनारने तिला शिकवली नव्हती.

"कोणं शिकवलं तुले हे?"

"तुम्हीच पाठवलंत ना त्यांना? त्या विहिरीकडच्या ओळीत उभ्या असतात. पुरुषी शर्ट घालतात बघा, तोंडाला ओढणी बांधलेली. मी वाक्य म्हटलं की त्या पुन्हा म्हणून दाखवतात." ईशानीने शेताकडे बोट केलं. "कामावरून येतात वाटतं. पाठ सगळी ओली असते त्यांची."

गुलनारने तिकडे पाहिलं. पऱ्हाटी स्तब्ध उभी होती. फुटलेली बोंडं उन्हात पांढरी लखलखत होती आणि ओळीत कुणी नव्हतं.

त्या दुपारी सुमन आणि रेवाचा पहिला मोठा प्रसंग होता. वेचणी करता करता दोघी समोरासमोर येतात आणि रेवा सुमनच्या बोटात रुतलेला काटा काढते. केतकीने इशारा केला, कॅमेरा सुरू झाला. ईशानीने हात पुढे केला आणि कागदावर नसलेलं वाक्य बोलली, "दार लोटून घे गुले, मी आलीच."

रेवाचं काम करणारी नटी गोंधळली. केतकी मात्र खूश झाली. "सुंदर! गुले काय, कुठून आणलंस हे?" ईशानीलाही ठाऊक नव्हतं. मग कॅमेरावाला वैतागून ओरडला, "ओ ताई, त्या मागच्या! फ्रेममधून बाजूला व्हा!"

सगळ्यांनी मान वळवली. मागे कुणीच नव्हतं. केतकीने छोट्या पडद्यावर चित्र पुन्हा लावलं. दोघी नट्यांच्या पाठीमागे, पऱ्हाटीत कमरेपर्यंत बुडालेली, फिकट निळ्या शर्टातली एक आकृती दिसत होती. तोंड बांधलेलं, फक्त डोळे उघडे. ती नट्यांकडे पाहत नव्हती. ती कॅमेऱ्याच्या डावीकडे पाहत होती, जिथे गुलनार उभी होती.

"गावातली कुणीतरी असेल," केतकी म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता. त्यानंतर शेतात औषधाचा वास यायला लागला, कुजक्या लसणासारखा. त्या दिवसांत आसपास कुणी फवारत नव्हतं.

गुलनार घरी आली. भीती वाटायला हवी होती, तशी ती वाटतही होती. पण उद्या आपण जाणार नाही, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

चारेक दिवस तसेच गेले. मग एका सकाळी ती पोचली तेव्हा लिंबाखाली वाद चालला होता. चॅनेलवरून फोन आला होता. काट्याच्या प्रसंगाची पहिली झलक दाखवल्यापासून तक्रारी येत होत्या, म्हणून ही गोष्ट ताबडतोब मिटवायची होती. सुमनला फवारणीत विषबाधा व्हावी आणि मरताना तिने नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणावं, "रेवाला सांगा, ती माझी बहीणच होती."

"एवढं म्हटलं की सगळं धुऊन निघतं त्यांच्या मते," केतकी कडवटपणे म्हणाली. पण नाही म्हणायची तिची ताकद नव्हती. पंपात साधं पाणी भरलं गेलं. ईशानीला लांब बाह्यांचा शर्ट घातला. शर्ट निळा होता, आणि तो कुणी निवडला हे कपडेवाल्याला सांगता येईना.

आज गोपालही आला होता. जनरेटरजवळ काठी टेकून तो उभा होता. गुलनार त्याच्यापासून लांब उभी राहिली. प्रतीक्षा गेल्यापासून दोघं एकमेकांशी चार शब्द बोलले नव्हते.

ईशानी बांधावर आडवी झाली. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. वारा पडला. जनरेटर चालू असूनही त्याचा आवाज कुठेतरी खोल गेल्यासारखा झाला.

"रेवाले सांगा," ईशानी म्हणाली आणि थांबली.

"पुढे," केतकी कुजबुजली.

ईशानीने मान वळवली. नटाकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. ती थेट गोपालकडे पाहत होती. ओठांतून आवाज आला तो घोगरा होता, घसा भाजल्यासारखा.

"बहीण नाई ते माही. तुमाले मालूम होतं. मंग तिले फाटकाशी काऊन अडवलं? मी वाट पाहून राह्यली तिची."

गोपालच्या हातातून काठी पडली. कॅमेरा कुणी थांबवला नाही. गुलनार चालत पुढे गेली. वायरी ओलांडून, त्या नटाला बाजूला सारून ती गुडघ्यांवर बसली आणि तिने ईशानीचा हात हातात घेतला. हात थंडगार, घामाने ओला. तोच लसणासारखा वास.

"मी आली," ती म्हणाली. "पाह्य, आली मी."

त्या हाताने तिचा हात घट्ट दाबला. अंगठा तिच्या बोटांच्या पेरांवरून एकेक करून फिरला, सुईने टोचलेली जुनी जागा चाचपत. मग पकड सुटली आणि ईशानीच्या तोंडाला फेस आला.

तिला मेहकरला नेलं. डॉक्टरांनी पापणी उचलून पाहिली तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. "कोणतं औषध फवारत होता?" त्यांनी विचारलं. पंपात पाणीच होतं, असं सगळे सांगत राहिले आणि डॉक्टर मान हलवत विषबाधेचेच उपचार करत राहिले. ईशानी वाचली. तिला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. आई येऊन तिला पुण्याला घेऊन गेली आणि मालिकेच्या लोकांनी सामान आवरलं.

तो भाग दाखवला तेव्हा गुलनारने घरी एकटीनेच पाहिला. कुणा दुसरीच्या गोड आवाजात सुमन म्हणाली, "ती माझी बहीणच होती." ईशानीचे ओठ मात्र पडद्यावर अजून हलत होते. आवाज संपला तरी हलतच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाल दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गुलनारने मशीन थांबवलं. तो उंबऱ्यातच बसला.

"पाह्यलं काय काल?" तो म्हणाला. "तोंड वेगळंच बोलून राह्यलं होतं."

"हाव."

"आपा, मले पहिल्यापासून मालूम होतं. मी काई बोललो नाई. बोललो असतो तं तिनं मले सोडलं नसतं, अन् तुमालेबी सोडलं नसतं. मंग बोलून काय करता?" त्याने मोडलेल्या पायावरून हात फिरवला. "पण दवाखान्यात ते शुद्धीवर आली तवा तुमचंच नाव घेतलं. गुले, गुले करत होती. मी शेजारी बसलो होतो आपा, तरीबी. मले लय लागलं ते. म्हटलं, आता तरी एकट्या माही राहू दे. बायाईले मीच सांगितलं तुमाले फाटकाशी धराले."

गुलनारला वाटलं होतं, हे कधी ऐकलं तर आपण या माणसाच्या अंगावर धावून जाऊ. तिने त्याच्याकडे पाहिलं. शर्टाचं वरचं बटण तुटलं होतं आणि ते लावणारं कुणी नव्हतं.

"अजून काय म्हणली ते?" तिने विचारलं.

तो सांगत राहिला. प्रतीक्षाने पाणी कसं मागितलं, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली, गोपालला म्हणाली की तुम्ही पाय टेकू नका. पुष्कळ वेळाने गोपाल उठला.

"वेचणाऱ्या बाया विहिरीकडच्या ओळीत जात नाईत. त्या म्हणतात, तिथला कापूस कोणी वेचून राह्यलं. बोंडं रिकामी दिसतात अन् कापूस बांधावर ढीग लावून ठेवलेला. मी दोनदा जाऊन उभा राह्यलो. माह्यासमोर काईच होत नाई." त्याने काठी हातात घेतली. "तुमी जाऊन पाहा."

ऊन कलायच्या आत ती गेली. वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधली आणि विहिरीकडच्या ओळीत शिरली. आधी काही नव्हतं. मग पलीकडच्या ओळीतली फांदी हलली. एक बोंड देठाशी किंचित वाकलं आणि रिकामं झालं. मग दुसरं. ओल्या कापडाचा वास आला. झाडांच्या फटीतून निळ्या बाहीची कड दिसली. वेचणारीचा हात तिच्या हाताच्या बरोबरीने पुढे सरकत होता.

गुलनारच्या मानेवर काटा उभा राहिला. तिने मान वर केली नाही. वर पाहिलं तर तिथे कुणी नसेल, किंवा कुणी असेल, आणि दोन्ही तिला सोसलं नसतं. ती वेचत राहिली.

"गोपालभाऊ आलते दुकानात," ती हळूच म्हणाली. "त्याइच्या शर्टाले बटण लावून देते मी उद्या."

पलीकडचा हात क्षणभर थांबला. मग फांदी पुन्हा हलली, आणि दोघी ओळीच्या टोकाकडे सरकत गेल्या.