कापलेले तीन रकाने

आमच्या शाळेच्या पहिल्या रजिस्टरात तीन रकाने कमी आहेत. शाळा सुरू झाली त्या वर्षी गावातली वजनदार माणसं आमच्या पहिल्या मुख्याध्यापिकेकडे, थोरल्या बाईंकडे, आली आणि म्हणाली, रजिस्टर दाखवा, कोणाच्या मुलीशेजारी कोणाची मुलगी बसते ते कळू द्या. थोरल्या बाईंनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आत जाऊन प्रत्येक पानावरून बापाचं नाव, धंदा आणि वस्ती कात्रीने कापून टाकली. मग रजिस्टर त्यांच्या हातात ठेवलं. तेव्हापासून आम्ही फक्त मुलीचं नाव, दाराच्या चौकटीला टेकवून मोजलेली उंची आणि तिने लिहिलेला पहिला शब्द लिहितो. पुढच्या रजिस्टरांत त्या तीन रकान्यांच्या जागी कोरी पट्टी सोडलेली आहे.

मी इथे एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवते. ही हकिगत दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात सांगत आले.

मुंगी माझी विद्यार्थिनी. लहानखुरी, हाताला सतत काम, म्हणून मुंगी. तिची आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुते. आजी नाल्यापलीकडच्या, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीत जन्मली आणि आमच्याच शाळेत शिकली. इस्पितळाच्या नर्सिंग कॉलेजात त्या वस्तीतल्या घरांसाठी दोन जागा राखीव आहेत. एका जागेवर मुंगीची निवड झाली. आजी वस्तीतली होती याचा दाखला तेवढा शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हवा होता. वस्ती केव्हाच पाडली गेली, आजीही राहिली नाही. उरलेला कागद म्हणजे तिच्या वर्षाचं, कोरी पट्टी सोडलेलं आमचं रजिस्टर.

गुरुवारी मी ते घेऊन दाखला देणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. कारकुनाने बोट फिरवत नोंद वाचली.

"नाव आहे. उंची तीन फूट पाच इंच. पहिला शब्द, साबण." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, एवढ्यावर शिंपी झगा शिवून देईल. मी दाखला कसा देऊ?"

"ती वस्तीतलीच होती. सगळ्यांना माहीत आहे."

"मलाही आहे. माझी आई तिच्या वर्गात होती. पण ते साहेबांच्या टेबलावर कसं ठेवू?" मग त्याने आवाज खाली आणला. "ही पट्टी बरीच रुंद आहे हो. मी आज रजिस्टर पाहिलंच नाही. उद्या या."

मुंगीची आई बाहेर बाकावर बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"मग लिहा की, बाई. खोटं थोडंच लिहायचंय?"

खोटं नव्हतंच.

संध्याकाळी प्रयोगशाळेत मी हिराकस आणि झाडाच्या सालीचा काढा एकत्र करून शाई केली. वस्तीत कातडी अशाच सालीच्या पाण्यात मुरत असे. ही शाई लिहिताना जेमतेम दिसते, हवा लागली की रात्रभरात हळूहळू काळी पडते. आठवीला हा प्रयोग मी दर वर्षी दाखवते. जुन्या वळणाचं अक्षर काढत मी त्या पट्टीत बापाचं नाव लिहिलं, धंदा लिहिला, वस्ती लिहिली. शाई वाळल्यावर रजिस्टर मिटून पिशवीत ठेवलं.

शुक्रवारी दहा वाजता कारकुनाने पान उघडलं, वरच्या दोन ओळी वाचल्या, "झकास" म्हणाला आणि रजिस्टर आत नेलं. थोड्या वेळाने साहेबांनी मलाच बोलावलं.

"हे काय आहे?"

नोंदीच्या खाली, बारीक पण आता चांगल्या काळ्या अक्षरांत, माझी सही होती. तिच्याखाली आदल्या दिवशीची तारीख.

माझ्या वर्गाचा नियम आहे. प्रयोगवहीत मागाहून काही घातलं की खाली सही आणि तारीख. एकोणतीस वर्षं मी तो मुलींकडून पाळून घेतला. शाई फिकी होती, त्यामुळे हाताने काय केलं ते मला दिसलंच नाही.

"चोरी करून पावती कोण ठेवतं, बाई?" कारकून पुटपुटला.

साहेबांनी रजिस्टर ठेवून घेतलं. त्यातली कोणतीही नोंद यापुढे पुरावा म्हणून चालणार नाही, असा शेरा मारला. त्यात चारशे बारा मुली आहेत. मी बाहेर आले तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

पायऱ्यांवर मुंगीची आई म्हणाली, "खरेपणाची हौस तुमची, बाई. आणि भोगायचं माझ्या पोरीने."

"आई, राहू दे," मुंगी म्हणाली. "बाईंचा हातच तसा आहे."

हे आईच्या बोलण्याहून जास्त लागलं.

सोमवारपासून मुंगी धोबीखान्यात जाऊ लागली. पंधरा दिवसांनी ती प्रयोगवही परत द्यायला आली. बोटं पाण्याने सुरकुतलेली होती.

"तुझ्याकडेच ठेव."

"घरात जागा नाही, बाई."

बाहेर चौकटीजवळ नवीन मुली उंची मोजून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. मुंगी त्यांच्याकडे पाहत राहिली.

"यांच्या बापाचं नाव लिहून घ्या," ती म्हणाली. "वस्तीपण. आजच लिहा."

ती गेल्यावर मी नवीन रजिस्टर काढलं, आखायची पट्टी पानावर ठेवली आणि तीन रकाने आखले. रांगेतली पहिली मुलगी पुढे आली आणि चौकटीला पाठ टेकून उभी राहिली.

"इकडे ये," मी म्हणाले. "आधी सांग, तू कोणाची?"