दुर्बिणीवर गोमूत्र

साहेब, मंडळ तुम्ही नेमलंत. देश अग्निबाण सोडणार म्हणून दिल्लीत राष्ट्रीय अवकाश मंडळ बसलं, आणि त्याची यवतमाळ जिल्ह्याची शाखा तुमच्या सहीनं उभी राहिली. सगळ्या समाजांना घेतलं, म्हणून वर्तमानपत्रात फोटोही छापून घेतलात. त्या फोटोतली कडेची बाई मंडळावरून कशी गेली, हे तुमच्या कानावर आलं नाही असं सांगू नका. आलं आहे. तुम्ही ते कानाआड केलंत. आता पुरतं ऐका.

सन चौसष्टच्या हिवाळ्यातली ती सकाळ. आर्णीच्या बौद्धपुऱ्यात कांताबाई चुलीवर भाकरी टाकत होती आणि तिची लेक सत्यशीला, प्राथमिक शाळेतली मास्तरीण, इस्त्रीच्या पातळाच्या निऱ्या सारख्या करत होती. मंडळाच्या पहिल्या बैठकीला यवतमाळला जायचं होतं. शेजारचा श्रावण दारातून डोकावून म्हणाला, "सत्यशीलाबाई, चंद्रावर जागा वाटून राह्यले तं आपल्याले गावात मांगजो. अठल्यासारखी गावाबाहेर नको."

घर हसलं. कांताबाई मात्र हसली नाही. तिनं घासलेला लोटा भरला आणि लेकीपुढं धरला.

"पानी सोबत ने. तठी मांगू नको."

"माय, मी मेंबर आहे. मेंबरले पानी द्याच लागते."

"मेंबर तू कागदावरची, पोरी. गिलास तं पितळेचा असते."

छप्पन साली घरातले देव कांताबाईनं आपल्या हातानं अरुणावती नदीत सोडले होते. परक्या दारी पाणी मागायची धास्ती मात्र तिच्या अंगातून गेली नव्हती. सत्यशीलानं लोटा उंबऱ्याशी ठेवला आणि ती एसटी गाठायला निघाली. आईचं म्हणणं आज खोटं पाडायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

बैठक एका शाळेच्या सभागृहात होती. अध्यक्ष भगवानराव, सरकी काढायच्या कारखान्याचे मालक. आपल्या पूर्वजांनी अग्निबाण कधीच उडवले होते, गोऱ्यांनी ते चोरले, असं त्यांनी मनसोक्त सांगितलं. विमलताई मुख्याध्यापिका, खादीचं पातळ, अस्पृश्यतेवर दरवर्षी व्याख्यान. बाकीच्या दोघांना अध्यक्ष मान हलवतील तिकडं मान हलवायची सवय. सत्यशीलाला शेवटची खुर्ची मिळाली, पण खुर्ची मिळाली. तिनं पदर नीट केला आणि ताठ बसली.

दिवेलागणीला सगळे गच्चीवर गेले. सरकारी दुर्बीण तिथं तिपाईवर उभी होती, आणि पश्चिमेला चंद्राची कोर. नागपूरहून आलेल्या अधिकाऱ्यानं आधी आपण पाहिलं, मग जवळ उभ्या असलेल्या सत्यशीलालाच म्हणाला, "या बाई, पाहा." तिनं डोळा लावला. कोरेच्या काठावर खड्डे दिसले, उन्हानं तडकलेल्या काळ्या रानासारखे. उद्या पोरांना हे कसं सांगावं, हाच विचार करत ती बाजूला झाली.

तिच्यामागून कुणी पुढं आलं नाही. भगवानराव म्हणाले, आधी साहेबांचा चहा होऊ द्या. अधिकारी चहा घेऊन जीपमधून निघून गेला. मग भगवानरावांनी शिपाई उकंडाला खाली पिटाळलं. तो गडवा घेऊन आला. दुर्बिणीची नळी उलटी करून, डोळा लावायची काच वर आणून, त्यानं सगळ्यांदेखत त्या काचेवर गोमूत्र ओतलं. थोडं नव्हे, गडवाभर. सत्यशीला जिन्याशी उभी होती. तिच्या डोळ्यांत डोळे घालायची उकंडाची छाती झाली नाही.

गोमूत्र फटीतून आत उतरलं. धोतराच्या सोग्यानं काच पुसून भगवानरावांनी मोठ्या थाटात डोळा लावला. चंद्र कुठला? आत पिवळट धुकं. एकेकानं पाहिलं, एकेकाला तेच दिसलं.

आता ही माणसं शरमतील, असं तुम्हाला वाटेल. साहेब, ही माणसं तुम्ही नेमली आहेत. खाली खुर्च्यांवर बसताच भगवानराव शांतपणे म्हणाले, सत्यशीलाबाईंच्या हातून यंत्र बिघडलं, त्यांनी उभं राहून कबूल करावं आणि मंडळाची माफी मागावी, मग विषय संपला. विमलताईंनी तिच्याकडं वाकून हलक्या आवाजात समजूत घातली, "एक शब्द बोलून टाका, बाई. तुमची जागा तरी राहील."

सत्यशीला उभी राहिली. शाळेतली पुस्तकी भाषा तिच्या जिभेवर आलीच नाही.

"म्या डोळा लावला. मूत तुमी लावलं. माफी मी कायले मांगू?"

ती परत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "उकंडा, मले प्याले पानी आन."

उकंडानं भगवानरावांकडं पाहिलं. भगवानरावांनी छताकडं पाहिलं. विमलताई चष्मा पुसू लागल्या. कोपऱ्यातल्या माठावर पितळेचा गिलास उपडा होता. सगळ्यांना दिसत होता. तिनं वाट पाहिली. मग ती उठली, तशीच कोरड्या घशानं एसटीत बसली. घरी उंबऱ्याशी लोटा भरलेला होता. लेकीनं तो घटाघटा रिकामा केला, तेव्हा कांताबाईला सगळं कळलं, आणि ती पदर तोंडात कोंबून रडली. सत्यशीला रडली नाही. म्हणाली, "माय, पुढच्या बैठकीलेबी मी लोटा नेत नाही."

पुढच्या बैठकीला ती गेली. तिच्या खुर्चीवर भगवानरावांचा भाचा बसला होता. बाईंना यंत्र हाताळण्याचं ज्ञान नाही, म्हणून नवी नेमणूक, असा हुकूम. सही तुमचीच.

ती आजही प्रत्येक बैठकीला जाते आणि दाराशी उभी राहते. दुर्बीण कपाटात कुजते आहे. त्या दुर्बिणीला वास कसला येतो, तो एकदा तुमच्या नाकानं घ्या. आणि मग सांगा साहेब, भाषणात नको, सहीनिशी सांगा: त्या बाईनं मागितलेला पाण्याचा गिलास कुणी अडवला, आणि अडवणारा अजून अध्यक्ष का आहे?