बावीस अंगठे

"नीट दाब वो धने, नाही तर उकंडा म्हणंल उमटलाच नाही," म्हणत लालीबाईनं धनीबाईचा हात धरला आणि अंगठा वहीवर टेकवला.

सव्वीस जानेवारीची सकाळ होती. तांड्यावर थंडी अजून बसून होती. पंचायतीचा चपराशी उकंडा लिंबाखाली सायकल लावून, कॅरिअरवर ग्रामसभेच्या हजेरीची वही उघडून उभा, आणि लालीबाईच्या टोळीतल्या बाया रांगेनं शाईत अंगठे बुडवत होत्या. वही तांड्यावर आणायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण आदल्या दिवशी लालीबाईनं त्याला रस्त्यात गाठून तसं सांगितलं होतं, आणि लालीबाईला नाही म्हणायची हिंमत गावात फार जणांत नव्हती. तीस वर्षं कापूस वेचणाऱ्या बायांची टोळी चालवणारी बाई. पंधरा एकर पांढरं झालेलं शेत दोन दिवसांत मोकळं करून द्यायची.

बाविसावा अंगठा तिचा स्वतःचा. तो तिनं असा दाबला की खालच्या दोन पानांवर उमटला असेल.

गावात त्या दिवशी एक ठराव होता. पंचायतीनं बँकेतून रक्कम उचलायची, गावानं दहा वर्षं जास्तीची घरपट्टी भरून ती फेडायची, आणि त्यात शाळेला दोन खोल्या, एक वाचनालय आणि तळ्याकाठी बगीचा करायचा. शाळा सातवीपर्यंतच होती. खोल्या झाल्या तर जूनपासून आठवी गावात येईल, पण ठराव मार्चच्या आत जिल्ह्याला पोचला पाहिजे, असं गुरुजी तांड्यावर येऊन दोनदा सांगून गेले होते.

लालीबाईची नात निकिता तेव्हा सातवीत होती. पुढची शाळा घाटंजीला. एसटी फाट्यावरून मिळायची, आणि फाटा तांड्यापासून पाच किलोमीटर, सगळा सागाच्या जंगलातून. त्या रस्त्यानं एकट्या पोरीला कोणी धाडत नव्हतं. तांड्यातल्या पोरी सातवी झाल्या की सरळ आयांच्या मागं शेतात यायच्या. लालीबाईनं अशा पंधरा-वीस पोरी स्वतःच्या टोळीत घेतल्या होत्या, त्यांना बोंडातून कापूस ओढायला शिकवलं होतं. निकिताला शिकवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

त्याच दिवशी पुंडलिकरावांच्या शेतात कापसाचा वेचा होता. ते आदल्या संध्याकाळी येऊन बोलून गेले होते. आभाळ भरून आलंय, कापूस भिजला तर जो काही भाव आहे तोही जाईल, किलोमागं चार आणे जास्त घ्या पण उद्या या. ठरावाचं त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, सरकारनं बोनस बंद केला, कापसाला कोणी विचारून नाही राह्यलं आणि गुरुजीले बगीचा सुचून राह्यला, म्या तर इरोधात जाईन. लालीबाईला त्याचा राग आला नाही. माणूस तोलात कधी मारत नव्हता. आणि तिच्या हिशेबानं दोन्ही कामं एका दिवसात बसत होती. सकाळी अंगठा, मग वेचा.

कारण तिला ठाऊक होतं ते असं, की अंगठा दाबला की काम झालं. रोजगार हमीच्या हजेरीवर अंगठा, राशनला अंगठा, निराधारच्या पैशाला अंगठा. ग्रामसभेत तांड्यातली बाई आजवर कधी गेलीच नव्हती. तिथं नंतर काय करतात ते कोण सांगणार?

दुपारपर्यंत वेचा रंगात आला. कमरेला बांधलेल्या ओट्या कापसानं फुगल्या, बाया गरोदर असल्यासारख्या डुलत चालायला लागल्या. धनीबाईनं बगीच्यावरून टिंगल काढली. म्हणे, आमाले झाडं पाहाले बगीचा कायले पाह्यजे, जन्म झाडातच गेला.

"झाडं नको पाहू," लालीबाई म्हणाली. "बाक तर असंल ना तिथी. दिवसभर वाकल्यावर पाठ टेकाले झालं."

"अन् वाचनालय? तिथी काय टेकतं तू?"

"तिथी माही नात बसंल. मी भायेर चपला सांभाळीन."

बाया हसत होत्या तेवढ्यात शेताच्या बांधावर, धुऱ्यावर उकंडाची सायकल दिसली. तो घामाघूम होता. सभा सुरू झाली होती, गुरुजींनी त्याला पिटाळलं होतं. वहीत बावीस अंगठे अन् बसायला एकही बाई नाही, असं तो दम खात सांगत होता.

"अंगठे देल्ले ना सकाळी," लालीबाई म्हणाली.

"ते सभेले आले म्हून देल्ले. ठरावाले हात वर करा लागते, लालीबाई. हात मोजून राह्यले तिथी."

लालीबाईनं एकदा स्वतःच्या अंगठ्याकडं पाहिलं. शाई तशीच होती. मग ती एवढंच म्हणाली, चला. कोणी मजुरीचं विचारलं नाही. गाव दोन किलोमीटर. काट्याकुपाट्यातून, नाल्यातून बावीस बाया पळत निघाल्या. धनीबाईचा गुडघा दुखायचा, ती शिव्या देत पळत होती, पण पळत होती.

शाळेच्या पटांगणात त्या पोचल्या तेव्हा ग्रामसेवक लिहून मोकळा झाला होता. ठरावाच्या बाजूनं चौपन्न, विरोधात त्रेसष्ट. झेंडा वर तसाच होता, पोरं गणवेशात रांगोळीभोवती बसली होती.

आणि तेव्हा लालीबाईच्या ध्यानात आलं, की ओट्या भरलेल्याच आहेत. शेतातून निघताना ओटी मालकाच्या गंजीवर रिकामी करायची, ओटीचा दोरा झटकून दाखवायचा, मग धुऱ्याबाहेर पाय टाकायचा. तीस वर्षांत तिच्या टोळीतल्या एका बाईनं हे मोडलं नव्हतं. एका पोरीला मूठभर कापसापायी तिनं टोळीतून काढलं होतं. आज अख्खी टोळी पुंडलिकरावांचा कापूस कमरेला बांधून गावासमोर उभी होती, आणि पुंडलिकराव समोरच बसले होते. एक-दोघं कुजबुजलेही.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. सतरंजीच्या कडेला जाऊन आपली ओटी सोडली, ओतली, दोरा झटकला. मागून एकेक बाई तसंच करत गेली. कापसाचा ढीग गुडघ्याएवढा झाला.

"पाटील, हा तुमचा माल," ती म्हणाली. मग ग्रामसेवकाकडं वळली. "साहेब, आता आमचे हात मोजा."

तो म्हणाला, मावशी, ठराव पडला, आता लिहिता येत नाही.

"लिहू नका. पण मोजा."

ग्रामसेवकानं पेन खिशाला लावलं. बावीस हात वर झाले. बोंडांच्या टोकांनी चिरलेले, एकेक अंगठा काळा. मग पोरांच्या रांगेतून निकिता उठली आणि मोठ्यानं मोजायला लागली. आपल्या आजीला तिनं सगळ्यात शेवटी मोजलं. बावीस. चौपन्न नि बावीस किती होतात, ते पटांगणात सगळ्यांना येत होतं.

पुंडलिकराव उठून लालीबाईजवळ आले. हळूच म्हणाले, "काल बोलली असती तं म्या वेचा उद्यावर ढकलला असता, लालीबाई."

हे खरं होतं. म्हणूनच तिला ते लागलं. त्यांनी कापूस गाठोड्यात बांधला आणि दिवसाची मजुरी पूर्ण दिली. तिनं अर्धीच घेतली.

पुढची ग्रामसभा थेट मे महिन्यात होती. मार्च गेला. आठवी आली नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडली त्या दिवशी लालीबाई पहाटेच उठली. निकिताला आणि तांड्यातल्या आणखी दोघी पोरींना पुढं घातलं, हातात काठी घेतली आणि जंगलाच्या रस्त्याला लागली. टोळीची मुखिया उजाडताच शेतावर लागते, तिच्याशिवाय कामाला हात लागत नाही. म्हणून टोळी तिनं आदल्या आठवड्यातच धनीबाईच्या हवाली केली होती. धनीबाईनं भांडण करून पाहिलं, मग रडली, मग घेतली.

फाट्यावर एसटी आली. पोरी चढल्या. निकितानं खिडकीतून काहीतरी सांगितलं, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. लालीबाईनं ऐकल्यासारखी मान हलवली.

ती शेतावर पोचली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बाया अर्ध्यावर निंदून गेल्या होत्या. उशिरा येणारीला शेवटची ओळ, बाभळीच्या कुंपणाला लागून, काट्यांची. हा नियम तिनंच घातला होता. धनीबाई तिच्याकडं पाहत नव्हती. तशीच, न पाहता, तिनं विळ्यानं कडेची ओळ दाखवली.

लालीबाईनं पदर खोचला आणि ओळीत बसली.